कोटगढच्या मातीत रुजलेले घराणे

ऑगस्ट महिना उजाडला, की सिमल्याहून नारकंड्यापलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सफरचंदांनी भरलेल्या मालमोटारींची वर्दळ सुरू होते. हा माल दिल्लीला जातो, चंडीगढला जातो आणि आपल्या नवी मुंबईतील वाशीच्या घाऊक बाजारातही येऊन पोहोचतो. गणपतीच्या सुमारास आपल्याकडच्या फळवाल्यांच्या टोपल्यांत जी लालभडक सफरचंदे दिसू लागतात, त्यांपैकी बरीचशी याच डोंगरांतली असतात. या फळाचा तिथला इतिहास शोधत गेले, तर वाट थेट एका अमेरिकी तरुणापाशी आणि त्याच्या घराण्यापाशी जाऊन थांबते. सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स हे त्याचे जन्मनाव. मृत्यूसमयी मात्र तो सत्यानंद स्टोक्स होता. या दोन नावांच्या मधली बेचाळीस वर्षे म्हणजे एका परदेशी माणसाने परक्या भूमीत रुजण्यासाठी केलेली दीर्घ साधना होय.

वसाहतकाळात हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेले गोरे लोक थोडेथोडके नव्हते. कोणी चहाचे मळे विकत घेतले, कोणी निळीची शेती केली, तर कोणी थंड हवेच्या ठिकाणी बंगले बांधून राहिले. यांतील बहुतेकांची नाळ अखेरपर्यंत सत्तेशी आणि मायदेशाशी जोडलेली राहिली. राज्य गेले, तशी त्यांची मुलेबाळेही गेली. मागे राहिले ते बंगले आणि कबरींवरचे शिलालेख. स्टोक्स घराण्याची कथा या सर्वांहून वेगळी ठरते, आणि तिचे वेगळेपण केवळ सफरचंदात नाही.

सॅम्युएलचा जन्म १६ ऑगस्ट १८८२ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एका सधन क्वेकर कुटुंबात झाला. वडिलांचा यंत्रे बनविण्याचा व्यवसाय होता. इमारतींमधील उद्वाहने, म्हणजे आजच्या भाषेत लिफ्ट, त्यांच्या कारखान्यात तयार होत. क्वेकर पंथात युद्धविरोध, साधी राहणी आणि अंतःकरणातील प्रकाशाला प्रमाण मानण्याची परंपरा आहे. घरच्या कारखान्याची सूत्रे हाती घ्यावीत, ही वडिलांची स्वाभाविक अपेक्षा. परंतु मुलाचे मन त्यात रमेना. सिमल्याजवळच्या सुबाथू येथे कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या डॉ. कार्लटन दांपत्याची माहिती त्याला मिळाली आणि त्यांच्याबरोबर जाण्याचा त्याने निश्चय केला. १९०४ च्या फेब्रुवारीत, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, तो मुंबई बंदरात उतरला आणि तिथून उत्तरेकडे रवाना झाला.

सुबाथूतील कुष्ठधामात त्याने सेवेचे पहिले धडे घेतले. पुढच्याच वर्षी, ४ एप्रिल १९०५ रोजी, कांगडा खोऱ्यात भीषण भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. तिथल्या मदतकार्यात स्टोक्सने स्वतःला झोकून दिले. उन्हाळ्याचा ताप सोसवत नाही, म्हणून त्याला पुढे कोटगढ येथे पाठविण्यात आले होते. सिमल्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, सतलज नदीच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या देवदारांच्या डोंगरावर वसलेले हे गाव. गुरखा युद्धानंतर, १८१५ पासून, हा छोटासा टापू ब्रिटिशांच्या थेट अमलाखाली होता. सभोवताली मात्र डोंगरी संस्थाने पसरलेली होती. १८४० च्या दशकापासून इथे ख्रिस्ती मिशनचे ठाणे होते. रुडयार्ड किपलिंगची लिस्पेथ ही कथा याच परिसरात घडते. एक इंग्रज प्रवासी एका पहाडी मुलीला लग्नाच्या आशेवर ठेवून निघून जातो, असे तिचे कथानक आहे. साहेबाने यावे, काही काळ राहावे आणि कोणतेही ऋण न मानता निघून जावे, ही त्या काळातील रीतच किपलिंगने कथेत टिपली होती. कोटगढला आलेल्या या अमेरिकी तरुणाने ती रीत मोडली.

आरंभी स्टोक्सने संन्यासाचा मार्ग धरला. संत फ्रान्सिसचा आदर्श समोर ठेवून त्याने स्वतःजवळचे सारे काही सोडले, अंगावर कफनी चढविली आणि तो डोंगरातल्या खेड्यापाड्यांतून आजाऱ्यांची शुश्रूषा करीत पायी हिंडू लागला. पुढे साधू सुंदरसिंग म्हणून विख्यात झालेला तरुण या भटकंतीत काही काळ त्याच्यासोबत होता. दीनबंधू सी. एफ. अँड्र्यूज यांच्याशीही त्याचा स्नेह याच काळात जुळला. १९१० साली काही सहकाऱ्यांसह त्याने एक ख्रिस्ती बंधुसंघही स्थापन केला. परंतु लवकरच त्याच्या मनाने वेगळा कौल दिला. कफनी अंगावर असली, तरी भोवतालच्या लोकांच्या दृष्टीने आपण पाहुणेच आहोत. त्यांच्या घरात, शेतात, सुखदुःखात आपला वाटा नाही, असे त्याला जाणवू लागले. संन्यासी कितीही निरिच्छ असला, तरी तो पीक बुडाल्याचे दुःख जाणत नाही आणि लेकरांच्या भवितव्याची काळजीही करीत नाही. या लोकांपैकी एक व्हायचे, तर संसारी शेतकरी व्हावे लागेल, असा निष्कर्ष काढून स्टोक्सने संघ सोडला.

१२ सप्टेंबर १९१२ रोजी त्याने कोटगढच्याच अॅग्नेस बेंजामिन हिच्याशी विवाह केला. तिचे वडील रजपूत कुळातून ख्रिस्ती झालेले होते. त्या काळी गोऱ्या माणसाने देशी स्त्रीशी रीतसर विवाह करणे गोऱ्यांच्या समाजात हीनपणाचे समजले जाई, आणि मिशनऱ्यांचे वर्तुळही याला अपवाद नव्हते. धर्म एक असला, तरी रंग एक नव्हता. एकाच चर्चमध्ये प्रार्थना करणाऱ्या गोऱ्या आणि काळ्या माणसांमध्ये जी भिंत उभी होती, ती स्टोक्सने आपल्या घरापुरती पाडून टाकली. आईने दिलेल्या पैशांतून त्याने बारूबाग येथील जुना चहाचा मळा विकत घेतला आणि तिथे हार्मनी हॉल नावाचे घर बांधले. पहाडी पद्धतीचे लाकूड आणि पाश्चात्त्य धर्तीची रचना यांचा मिलाफ असलेले हे घर पुढे तीन पिढ्यांचे आधारस्थान झाले.

आता शेती करायची, तर कोणती, हा प्रश्न उभा राहिला. डोंगरउतारावरच्या चिंचोळ्या पट्ट्यांत धान्य आणि बटाटे घेऊन तिथला शेतकरी जेमतेम वर्षाची बेगमी करीत असे. सफरचंद या भागाला सर्वस्वी अपरिचित नव्हते. शेजारच्या कुलू खोऱ्यात कॅप्टन ली यांनी १८७० च्या सुमारास बंदरोल येथे इंग्लंडहून आणलेल्या जातींची बाग लावली होती. मात्र ती फळे चवीला आंबट होती आणि हिंदुस्थानी जिभेला ती रुचली नाहीत. स्टोक्सने आपल्या मायदेशातील मिसुरी राज्यातल्या स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेकडे लक्ष वळविले. आयोवा राज्यातील एका शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवलेल्या झाडापासून या रोपवाटिकेने डिलिशस नावाची गोड, लाल आणि देखणी जात प्रसिद्धीस आणली होती. १९१६ च्या सुमारास ही रोपे सातासमुद्रांपलीकडून कोटगढला आली. काही वर्षांनी, १९२१ साली, आईने नाताळची भेट म्हणून गोल्डन डिलिशस या पिवळ्या जातीची रोपे पाठविली.

या दोन जातींचे एकत्र येणे महत्त्वाचे होते. सफरचंदाच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागाने नीट फळत नाहीत. शेजारी दुसऱ्या जातीचे झाड लागते. पिवळे डिलिशस हे लाल डिलिशससाठी उत्तम परागदाते ठरते. शिवाय सफरचंदाचे बी पेरून मूळ झाडासारखे फळ मिळत नाही. प्रत्येक नवे झाड कलमानेच तयार करावे लागते. साहजिकच एका माणसाच्या बागेतून साऱ्या मुलखात पीक पसरायचे, तर त्याने आपल्या झाडांच्या काड्या हात सैल सोडून वाटल्या पाहिजेत. स्टोक्सने नेमके तेच केले. त्याने रोपे दिली, कलम बांधायला शिकविले, छाटणी कशी करायची ते दाखविले. फळ धरायला पाचसहा वर्षे लागणाऱ्या झाडापायी धान्याची जमीन अडकवून ठेवणे गरीब शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. त्यामुळे हा प्रसार सावकाशच झाला. परंतु पहिल्या बागांचे पैसे हाती येऊ लागल्यावर शेजाऱ्याचे पाहून शेजारी झाडे लावू लागला.

तथापि स्टोक्सला केवळ फळबागेचा जनक म्हणून ओळखणे, हा त्याच्यावर अन्याय होईल. कोटगढवरून हिंदुस्थान-तिबेट रस्ता जात होता. १८५० साली बांधावयास घेतलेल्या या रस्त्याने साहेब लोक शिकारीला, सफरीला किंवा सरकारी दौऱ्यावर जात. त्यांचे तंबू, पेटारे आणि शिधासामग्री एका पडावापासून दुसऱ्या पडावापर्यंत वाहून नेण्याचे काम गावकऱ्यांवर सक्तीने लादलेले असे. या पद्धतीला बेगार म्हणत. आपल्याकडची वेठबिगार ती हीच. पेरणीचे दिवस असोत, कापणीचे असोत, निरोप आला की घरटी माणूस हजर झालाच पाहिजे. मोबदला नाममात्र किंवा तोही नाही.

या रस्त्यावरून जाणारा गोरा माणूस म्हणून स्टोक्सला बेगारीचा लाभच मिळत होता. त्याच्या जमिनीवर, त्याच्या वर्णावर कोणी ओझे टाकणार नव्हते. परंतु त्याची बायको आणि तिचे गणगोत पहाडी होते, मुले पहाडी होती, आणि तो स्वतःला कोटगढचा रहिवासी मानत होता. त्याने गावकऱ्यांना संघटित केले, अर्ज-विनंत्या केल्या, वृत्तपत्रांतून लिहिले आणि अधिकाऱ्यांशी सातत्याने वाद घातला. अखेर गावकऱ्यांनी एकजुटीने बेगार नाकारली आणि १९२१ साली कोटगढपुरती सरकारला माघार घ्यावी लागली. शेजारच्या संस्थानांत ही प्रथा पुढेही बरीच वर्षे चालू राहिली, परंतु ती मोडता येते, हे कोटगढने दाखवून दिले. गांधीजींनी या लढ्याची आवर्जून दखल घेतली.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने सैन्यसेवा केलेला हा माणूस तोवर पुष्कळ बदलला होता. १९१९ च्या जालियनवाला बाग हत्याकांडाने त्याचा साम्राज्याच्या न्यायबुद्धीवरील उरलासुरला विश्वास ढळला. डिसेंबर १९२० मध्ये आपल्या नागपूर येथे भरलेल्या काँग्रेसच्या ऐतिहासिक अधिवेशनाला तो कोटगढचा प्रतिनिधी म्हणून उपस्थित होता. असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले ते याच अधिवेशनात. पुढे तो अखिल भारतीय काँग्रेस समितीचा सदस्य झाला. या समितीवर निवडला गेलेला एकमेव अमेरिकी म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. ऑक्टोबर १९२१ मध्ये मुंबईहून एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला. परकीय सरकारची मुलकी आणि विशेषतः लष्करी नोकरी करणे हिंदी माणसाच्या राष्ट्रीय प्रतिष्ठेला बाधक आहे, असा त्याचा आशय. गांधीजी आणि देशातील अनेक प्रमुख नेत्यांच्या सह्यांच्या रांगेत एकच परदेशी सही होती, ती स्टोक्सची. एव्हाना त्याच्या अंगावर खादी आली होती.

याची किंमत लवकरच चुकवावी लागली. नोव्हेंबर १९२१ मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानात आले. त्यांच्या दौऱ्यावरील बहिष्काराने वातावरण तापलेले असतानाच, डिसेंबरात लाहोरकडे जाताना वाघा येथे स्टोक्सला अटक झाली. त्याने जामीन देण्यास नकार दिला, आणि युरोपियन म्हणून तुरुंगात मिळू शकणाऱ्या सवलतीही नाकारल्या. सहा महिन्यांची शिक्षा त्याने लाहोरच्या तुरुंगात भोगली. घरी अॅग्नेस आणि लहान मुले होती. भारतीय स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगणारा अमेरिकी माणूस ही बाब तेव्हा सर्वांनाच नवलाची होती. गांधीजींना तिचे विशेष महत्त्व वाटले, ते स्टोक्सने हिंदी माणसाच्या वाट्याला येणारी वागणूकच स्वतःसाठी मागून घेतली म्हणून.

या दांपत्याला सात मुले झाली. चार मुलगे आणि तीन मुली. मुलग्यांची नावे प्रेमचंद, प्रीतमचंद, ताराचंद आणि लालचंद. मिश्र वंशाच्या संततीची त्या काळातील कुचंबणा स्टोक्स जाणून होता. गोरे त्यांना आपले म्हणत नसत आणि हिंदी समाजही दुरूनच पाही. मुलांनी दोन जगांच्या उंबरठ्यावर ताटकळत राहू नये, त्यांनी निःसंदिग्धपणे हिंदी व्हावे, हा त्याचा ध्यास होता. यांपैकी ताराचंद हा मुलगा बालवयातच आमांशाने दगावला. डोंगरात वैद्यकीय मदत वेळेवर मिळणे दुरापास्त होते. त्याच्या स्मरणार्थ स्टोक्सने विसाच्या दशकात ताराच्याच नावाने शाळा काढली आणि गावातल्या मुलामुलींना तिथे पुस्तकी शिक्षणाबरोबर श्रमाचेही शिक्षण मिळू लागले. एका मुलाच्या जाण्याचे दुःख गावातील इतर मुलांच्या शिक्षणात असे रुजविले गेले.

तुरुंगातून सुटल्यावर स्टोक्सचे मन हळूहळू अध्यात्मचिंतनाकडे वळले. संस्कृतचा अभ्यास करून त्याने उपनिषदे आणि भगवद्गीता मुळातून वाचली. १९३१ साली त्याचा सत्यकाम हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९३२ साली त्याने आर्यसमाजी पद्धतीने हिंदू धर्म स्वीकारला. सॅम्युएलचे सत्यानंद झाले, अॅग्नेसच्या प्रियादेवी झाल्या. ख्रिस्ती धर्माच्या सेवेसाठी म्हणून या देशात आलेल्या माणसाने अठ्ठावीस वर्षांनी तो धर्म सोडावा, ही घटना अनेक जुन्या स्नेह्यांना क्लेशदायक वाटली असेल, तर त्यात आश्चर्य नाही. या निर्णयामागे तत्त्वचिंतन होते, तसाच मुलांच्या भवितव्याचा विचारही होता. कोटगढच्या हिंदू समाजात त्यांचे विवाह जुळावेत, त्यांची मुळे तिथेच घट्ट व्हावीत, ही पित्याची तळमळ त्यात मिसळलेली होती. १९३७ साली ठाणेधार येथे त्यांनी परमज्योती मंदिर उभारले. जुगलकिशोर बिर्ला यांनी त्यासाठी देणगी दिली होती. उपनिषदे आणि गीता यांतील वचने लाकडावर कोरलेले हे मंदिर आजही पाहावयास मिळते.

इथे एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. सत्यानंदांनी जे सोडले, ते स्वतःच्या इच्छेने सोडले. परंतु प्रियादेवींना दोनदा नवे आयुष्य पत्करावे लागले. एकदा परदेशी माणसाची पत्नी म्हणून आणि पुन्हा एकदा वाडवडिलांनी स्वीकारलेला धर्म सोडून. मुलांचीही वाट बव्हंशी पित्यानेच आखली होती. थोर माणसांच्या त्यागाचा हिशेब मांडताना त्यांच्या घरच्यांच्या वाट्याला आलेला भाग आपण सहसा विसरतो. स्टोक्स घराण्यापुरते सांगायचे, तर पुढच्या पिढीने ही वाट नाकारली नाही, उलट ती अधिक रुंद केली.

१४ मे १९४६ रोजी सत्यानंदांचे निधन झाले. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी तुरुंगवास पत्करला, ते अवघ्या पंधरा महिन्यांच्या अंतरावर येऊन ठेपले होते. १९४७ नंतर गोऱ्यांचे मळे आणि बंगले झपाट्याने हात बदलू लागले. बारूबागेतील स्टोक्स कुटुंबाला मात्र कुठे जाण्याचे कारणच नव्हते. त्यांचे घर, नातेवाईक, शेती आणि देवस्थान सारे तिथेच होते. धाकटे पुत्र लालचंद हे बागायतीबरोबर राजकारणातही उतरले आणि आमदार झाले. त्यांच्या निधनानंतर पत्नी विद्या स्टोक्स १९७४ साली हिमाचल विधानसभेवर निवडून आल्या. १९८५ ते १९९० या काळात त्या विधानसभेच्या अध्यक्षा होत्या. पुढे राज्याच्या मंत्रिमंडळातही त्यांनी महत्त्वाची खाती सांभाळली. महिला हॉकीच्या संघटनकार्यात त्या वर्षानुवर्षे अग्रभागी होत्या आणि २०१० साली हॉकी इंडियाच्या अध्यक्षपदी निवडल्या गेल्या. स्टोक्स हे आडनाव मतपत्रिकेवर पाहून डोंगरातल्या मतदाराला ते परके वाटले नाही, यातच सत्यानंदांच्या आयुष्यभराच्या साधनेची पावती आहे. त्यांची नात आशा शर्मा यांनी आजोबांचे सविस्तर इंग्रजी चरित्र लिहिले. ते १९९९ साली प्रसिद्ध झाले. घराण्यातील काही जण शिक्षणाच्या आणि व्यवसायाच्या निमित्ताने पुन्हा अमेरिकेत गेले; पणजोबांनी मागे टाकलेला समुद्र त्यांनी उलट दिशेने ओलांडला.

दरम्यान, सत्यानंदांनी लावलेल्या झाडांनी सारा मुलूख बदलून टाकला. आज हिमाचलातील एक लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र सफरचंदाखाली आहे. २०१० च्या हंगामात सुमारे ८.९ लाख टनांचे विक्रमी उत्पादन झाले. एकेकाळी पेटारे वाहणाऱ्या गावांतून पक्की घरे उभी राहिली, मुले उच्च शिक्षणासाठी बाहेर पडली. परंतु या समृद्धीसमोर प्रश्नही उभे आहेत. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी मिळाली, तरच ते वसंतात नीट फुलते. हिवाळे ऊबदार होत चालल्याने खालच्या उंचीवरच्या बागा अडचणीत आल्या असून लागवड अधिकाधिक उंचावर सरकते आहे. १९९९ नंतर आयातीची दारे उघडली आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सफरचंदे आपल्या बाजारात आली. २०२३ साली अमेरिकी सफरचंदांवरील २० टक्के अतिरिक्त शुल्क भारताने मागे घेतले, तेव्हा हिमाचलातील बागायतदारांनी चिंता व्यक्त केली. ज्या देशातून हे कलम आले, त्याच देशाच्या फळाशी त्याला स्पर्धा करावी लागावी, हा काळाचा खेळच म्हणायचा. आणि या स्पर्धेत कोटगढचे फळ निखळ देशी मानले जाते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट. हिमाचल प्रदेशात १९७२ साली कूळ आणि जमीन सुधारणांचा कायदा झाला. त्याच्या ११८ व्या कलमानुसार, जो मुळात त्या राज्यातील शेतकरी नाही, त्याला सरकारी परवानगीखेरीज तिथे जमीन घेता येत नाही. डोंगरी शेतकऱ्याची जमीन बाहेरच्या धनिकांच्या घशात जाऊ नये, म्हणून केलेला हा कायदा योग्यच आहे. परंतु तो १९१२ साली असता, तर फिलाडेल्फियाच्या त्या तरुणाला बारूबाग घेता आली नसती. तेव्हा जमीन सहज मिळाली, कारण तो गोरा होता आणि त्याच्यापाशी पैसा होता. वसाहतीच्या व्यवस्थेने दिलेला हा लाभ त्याने घेतला, हे नाकारण्यात अर्थ नाही. फरक पडला तो पुढे. ज्या व्यवस्थेने त्याला जमीन दिली, तिनेच त्याच्या शेजाऱ्यांच्या पाठीवर ओझे टाकले होते. ते ओझे उतरविण्यासाठी त्याने आपला लाभ पणाला लावला आणि त्या बदल्यात तुरुंग पत्करला.

जमिनीचा सातबारा नावावर झाला, म्हणून माणूस त्या मातीचा होत नाही. तिथल्या लोकांच्या वाट्याला येणारे भोग तो आपले मानतो की नाही, यावर ते ठरते. कोटगढच्या लोकांनी हा निवाडा फार पूर्वीच करून टाकला आहे. बारूबागेच्या उतारावर दर वसंतात फुलोरा येतो आणि ऑगस्टमध्ये पेट्या भरल्या जातात. त्या पेट्यांमधले फळ आपल्यापर्यंत पोहोचते, तेव्हा त्यामागे असलेल्या या घराण्याचे स्मरण असावे, एवढेच.